प्रेसवरचा लाल दिवा

ही ऐकीव गोष्ट नाही. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, आमच्या कारखान्यात घडलेली. मी शेजारीच उभा होतो. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल हसावं.

कोपऱ्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसला सेन्सर आहे. आत काही नसलं की दिवा हिरवा, हात असला की लाल. मग पेडल कितीही दाबा, मशीन हलत नाही.

पण त्याने काम अडतं, माल कमी निघतो. म्हणून मॅनेजरने सेन्सर बंदच करून टाकला होता. आम्ही त्या मॅनेजरला 'टार्गेट' म्हणतो.

त्याच प्रेसखाली माझ्या दादाचा हात गेला. दवाखाना येईपर्यंत दादाही गेला.

रिपोर्टात काय लिहिलं? कामगाराचा निष्काळजीपणा!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग सरकारी तपासणीच्या धाकाने टार्गेटने सेन्सर पुन्हा चालू केला.

दिवा लाल झाला... आणि विझेचना.

आत काहीच नव्हतं. दुरुस्तीवाला आला, सेन्सर बदलला. नवाही लाल. जाताना तो पुटपुटला, "बिघाड नाहीये. त्याला आत हात दिसतोय."

दादाच्या जागी वहिनीला नोकरी दिली. उपकार केल्याच्या थाटात. आणि बसवलं कुठे? त्याच प्रेसवर!

शिकवल्याप्रमाणे वहिनीने पेडलवर पाय ठेवला. दिवा लालच.

टार्गेट तणतणत आला. "कसला हात? भुताटकी लावलीय नुसती! हे बघा, रिकामं आहे!"

आणि त्याने स्वतःचा हात कोपरापर्यंत आत घातला.

दिवा...

हिरवा झाला.

तो आमच्याकडे बघून ओरडत होता. त्याला दिवा दिसतच नव्हता. मला दिसत होता. वहिनीलाही. तिचा पाय अजून पेडलवर होता.

मी तोंड उघडलं नाही.

वहिनीने सावकाश पाय उचलला.

घरी जाताना मी भडकलो. "का सोडलंस त्याला?"

"भावजी, आतून ह्यांचा आवाज येत होता... 'दाब' म्हणत होते."

"मग?"

"जन्मात पहिल्यांदा ह्यांचं ऐकलं नाही."

मुंगीलाही चुकवून चालायचा माझा दादा.

वहिनीने ती नोकरी सोडली. सेन्सर पुन्हा बंद आहे, प्रेसवर दुसरं कोणीतरी बसतं. मला आता मशीनची भीती वाटत नाही. दादाची वाटते... आणि ज्यांनी त्याला असं करून ठेवलं, ते रोज माझ्यासमोरून हसत जातात.