तीन मिनिटांची लाट

मांडव्याच्या धक्क्यावर बस भरली. गाइड सिपोराबाई चेऊलकरांनी चौदा डोकी मोजली, प्रत्येकाच्या कानात मणी नीट बसलाय ना ते पाहिलं आणि पंधराव्या माणसाकडे बघून मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पंधरावे म्हणजे निनाद टिपणीस, सहल कंपनीचे तपासनीस. वय असेल पस्तीस, हातात पाटीएवढा संगणकाचा पडदा, आणि चेहरा असा की पावतीवरसुद्धा हसू सांडणार नाही.

‘राजधानीजवळची जुनी शहरं, एका दिवसात’ अशी ही सहल. मुंबईहून सकाळची बोट, मग नवगाव, चौल, रेवदंडा आणि सूर्य मावळायच्या आत परत. सिपोराबाई ती एकोणीस वर्षं करत होत्या. कानातले मणी मात्र दोनच वर्षांचे. मण्याच्या आत होती सत्यगाळणी. गाइडच्या गळ्यातल्या माइकमध्ये शब्द पडला, की ती तो दप्तरखान्यांतल्या लाखो कागदांशी ताडून बघायची, आधार सापडला तर प्रवाशाच्या कानात सोडायची, नाही तर गाळून टाकायची. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. बाकी जगाचा आवाज जसाच्या तसा यायचा. गाळला जायचा तो फक्त गाइडचा.

गाळणी आली तेव्हा सिपोराबाईंनी पेढे वाटले होते, हे आधी सांगायला हवं. कुठल्याही खड्ड्यात भुयार दाखवायचं आणि ते भुयार थेट दिल्लीला नेऊन सोडायचं, असल्या गाइडांचा त्यांना मनस्वी तिटकारा. बरी जिरली लबाडांची, असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. पूर्वी शब्द गाळला की गाइडच्या गळ्यात बारीकशी टिकटिक व्हायची, मग गाइड वाक्य बदलायचा. गेल्या महिन्यात नवी आवृत्ती आली आणि टिकटिक बंद झाली. सिपोराबाईंना वाटलं, चला, आपलं सगळं पास झालं!

बस नवगावला थांबली. झाडीत, समुद्रापासून जरा आत, जुने दोन उंचवटे आहेत आणि शेजारी एक स्मारकस्तंभ. सिपोराबाई इथे आल्या की आवाज आपोआप खाली यायचा.

“इथे माझी माणसं झोपली आहेत,” त्या म्हणाल्या. “आम्ही बेने इस्रायली, म्हणजे या किनाऱ्यावरचे ज्यू. आमचे पूर्वज दूर पश्चिमेकडून गलबताने आले. या किनाऱ्याला गलबत फुटलं. सात जोडपी तेवढी वाचली. बाकीचे लाटांनी आणून टाकले, ते इथे पुरले. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया.”

त्या तीन मिनिटं बोलल्या. समोर सगळे डोळे मिटून, गालातल्या गालात हसत उभे. मढ्यांच्या गोष्टीला कोणी हसतं का?

“किती शांत वाटलं हो!” बसमध्ये चढताना सबनीसबाई म्हणाल्या. या नाशिकच्या निवृत्त मुख्याध्यापिका, पहिल्या रांगेतल्या. “तुम्ही गप्प उभ्या राहिलात आणि तो लाटांचा आवाज सोडला, फार सुरेख कल्पना!”

सिपोराबाईंनी समुद्राकडे पाहिलं. ओहोटी होती. पाणी पार तिकडे, आवाजाचं नाव नाही.

त्या तडक टिपणीसांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. “साहेब, माझ्या तोंडावर लाट कोणी ओतली?”

“नवी आवृत्ती आहे,” टिपणीस खाली मान घालून म्हणाले. “नुसती शांतता प्रवाशांना खटकते, म्हणून लाटा. बाई, तुमचं ते कथन अप्रमाणित आहे. लेखी आधार नाही.”

“तो स्तंभ दिसत नाही का तुम्हाला?”

“तो दगड, जुन्या आवृत्तीला चालायचा. नव्या आवृत्तीला दप्तरातला कागदच हवा.”

“अहो, गलबत फुटलं! माणसं बुडाली, पोथ्या बुडाल्या, कागद बुडाले. तीच तर गोष्ट आहे. आणि तुम्ही मला बुडालेला कागद आणून दाखवा म्हणता?”

टिपणीसांनी पडद्यावर काहीतरी टिपलं. “मग आजच सांगतो. अहवाल गेला की हा थांबा बंद होईल. तीन मिनिटं नुसती लाट ऐकवायला बस कोण थांबवणार? आणि कृपा करून वाद घालू नका, नाही तर तुमचा परवानाही जाईल.”

पुढचा तास सिपोराबाई चौलबद्दल बोलल्या. व्यापारी, बंदर, सनावळ्या, सगळं कागदात बसेल असं. गाळणीने एक अक्षर अडवलं नाही. मात्र आत त्या नुसत्या धुमसत होत्या. मुंबईला आता त्यांच्या घरात ही गोष्ट ऐकायला कोणी उरलं नव्हतं. मुलं कधीच परदेशी गेली. या बसमध्येच ती सांगितली जायची, आणि आता इथेही तिच्या तोंडात बोळा!

जेवणाच्या सुट्टीत त्या रेवदंड्याच्या मासळीबाजारात जायच्या, तिथे राहणाऱ्या मोझेल मावशीसाठी मासळी घ्यायला. आज त्यांनी चौदाच्या चौदा जणांना सोबत घेतलं. टिपणीस मागोमाग आलेच.

“आलीस का गो बाय!” कमळाबाय कोळीण ओरडली. तिने न विचारता टोपली पुढे ओढली आणि हात चालवायला लागली. बोईट आत. जिताडा आत. कोलंबी उचलून बाजूला. चिंबोरी बाजूला. वाम, मुशी, माकूल, सगळं बाजूला.

कुडाळचे कुडतरकरकाका हे बघून कासावीस झाले. मासळीपुढे त्यांना इतिहास-बितिहास काही सुचत नसे. “ओ बाई, एवढी फाकडू कोलंबी! ती का काढलीत?”

“यांना नाय चालत,” कमळाबाय म्हणाली. “खवलं नि पर असतील तीच मासळी यांच्या टोपलीत. माजी सासू अशीच निवडायची, तिची सासूबी. मला कोनी शिकवला नाय. चेऊलकरांची टोपली वेगली, येवरा म्हाईत.”

“पण का?” काका सिपोराबाईंकडे वळले.

सिपोराबाई बोलू लागल्या. काकांच्या कपाळाला आठी पडली. भर बाजारात, माश्या घोंघावताहेत, बर्फ फुटतोय, बाईंचे ओठ हलताहेत, आणि मध्येच ही लाट कुठली?

“च्यायला! हे आपल्याला ऐकू देत नाहीत!” काकांनी कानातला मणी उपटला आणि कोलंबीच्या ढिगावर ठेवला.

“मणी काढला की सहल रद्द समजली जाते,” टिपणीस घाईघाईने म्हणाले.

“समजा.”

सबनीसबाईंनी शांतपणे आपला मणी काढून पर्सच्या तळाशी टाकला. मग एकेक करत सगळ्यांनी.

सिपोराबाईंनी गळ्यातला माइक सोडला. आता मध्ये कोणीच नव्हतं. त्यांनी गलबत सांगितलं, सात जोडपी सांगितली. “पोथ्या गेल्या, भाषा गेली, प्रार्थना विसरल्या. उरलं काय? शनिवारी, विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवायचा आणि बिनखवल्याची मासळी खायची नाही. शतकांनंतर परदेशातून एक ज्यू विद्वान आला. आमच्या बायकांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्याने त्यांच्यापुढे मासळीची टोपली ठेवली. त्यांनी कोलंबी बाजूला काढली. त्याने ओळखलं, ही आपलीच माणसं.” त्यांनी टोपलीकडे बोट दाखवलं. “आत्ता कमळाबायने तेच केलं. आमची नसूनही. हा माझा कागद!”

कमळाबायने पदर डोळ्यांना लावला आणि चिडून म्हणाली, “बोईटाला बरफ लाव गो कोनी, येवरा येल उघरी नाय ठेवायची!” सगळे हसले, आणि हसता हसता सबनीसबाई रडल्या.

टिपणीसांनी बाजारात शिरताना तपासणीसाठी आपलाही मणी कानात घातला होता. माइक सुटला तरी गाळणीने तो आवाज ओळखला होता. त्यांना लाटांखेरीज काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी फक्त ते चेहरे पाहिले. शेवटी न राहवून त्यांनी काकांना विचारलं, “काय म्हणाल्या त्या?”

काकांनी सांगितलं. सगळं, कोलंबीसकट. प्रवाशाच्या आवाजाला गाळणी नव्हती.

सिपोराबाईंच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “साहेब, सहल संपली की प्रवासी अभिप्राय लिहितात. तो दप्तरात जातो ना?”

“हो. दप्तरखान्यात जपून ठेवतात, गाळणी तेही ताडून बघते.”

“म्हणजे लेखी.” त्या चौदा जणांकडे वळल्या. “लिहाल? जे ऐकलं, जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच. एक शब्द जास्त नको.”

बाजाराच्या ओट्यावर चौदा माणसं टेकली आणि लिहायला लागली. टिपणीसांच्या हातातला पडदा एकेका अभिप्रायाबरोबर उजळत गेला. त्यांनी ते सगळे वाचले. मग त्यांनी हळूच आपला मणी काढला.

“पण बाई,” ते म्हणाले, आणि या खेपेला आवाजात तपासनीस नव्हता, खरोखरीची शंका होती, “उद्या भुयारवाले गाइडही चौदा माणसं आणतील. चौदा जणांनी लिहिलं, म्हणून ते खरं ठरतं का?”

सिपोराबाईंनी मासळीची टोपली कमरेवर घेतली.

“नाही ठरत, साहेब. प्रत्येक वेळी बाजारात येऊन बघायला लागतं. पण मला एवढं सांगा, तुमच्या दप्तरखान्यात जे आधीपासून खरं म्हणून बसलंय, ते लिहिणारे किती जण होते?”