मुक्या खिळ्यांची हाडं

निकाल सांगायला निसार मुजावर स्वतः वर आला, तेव्हाच उत्तराला शंका आली. बातमी चांगली असती तर हा गडी फोनवरूनच ओरडला असता.

“फरक नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“नादखिळा बसवलेल्यांची हाडं सरासरी एकोणीस दिवसांत जुळली. आणि मुका खिळा बसवलेल्यांचीही एकोणीस दिवसांतच. आकडे तीनदा तपासले, मॅडम. चौथ्यांदा तपासायची हिंमत झाली नाही.”

डॉ. उत्तरा धारप मटकन खुर्चीत बसली. आयुष्याची बावीस वर्षं तिने एकाच गोष्टीपायी घातली होती. भरून येणारं हाड अगदी बारीक थरथरतं. कानाला न कळणारा तो कंप तिने मोजला आणि त्याला अस्थिनाद हे नाव दिलं. तोच कंप निर्माण करणारी बोटभर सळई म्हणजे नादखिळा. तो मोडक्या हाडात बसवला की सुस्तावलेल्या पेशी कामाला लागतात, असा तिचा दावा होता. तो तपासायला कोयनेच्या खोऱ्यातल्या या केंद्रात चाळीस रुग्ण होते. निम्म्यांना नादखिळा, निम्म्यांना दिसायला तसाच पण मुका खिळा. कोणाला कोणता, हे चिठ्ठ्यांनी ठरलेलं आणि फक्त संख्याशास्त्रज्ञ निसारच्या कुलूपबंद संगणकाला माहीत.

“पण एकोणीस दिवस, निसारभाई! एरवी मांडीचं हाड जुळायला तीन-चार महिने लागतात.”

“मी तेच म्हणालो. देखरेख समिती म्हणते, हवेचा गुण असेल, भाकरीचा असेल. खिळ्याचा नाही. प्रयोग बंद, संध्याकाळपर्यंत दालन रिकामं करा.”

संध्याकाळपर्यंत! उत्तराच्या डोळ्यांपुढे चाळिसावी खाट आली, हाड अजून जुळायचं बाकी असलेली एकच.

त्या खाटेवर सगुणा हुलवान होती. डोंगरातल्या एका सात उंबऱ्यांच्या वाडीत राहणारी, मध काढणारी बाई. पोळं उतरवताना जांभळीवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. चौदा महिने ती घरात एकटीच पडून होती, पण हाड जुळायचं नाव घेईना. जिल्हा रुग्णालयाने पाय कापायची तारीख दिली होती, येत्या गुरुवारची. त्याआधी शेवटचा उपाय म्हणून सहा दिवसांपूर्वी ती थेट वाडीतून इथे आली होती.

उत्तरा दालनात शिरली तशी सगुणाने विचारलं, “बाई, आज सगळी बांधाबांध कसली चाललीया?”

उत्तराला खोटं बोलता येईना. तिने सगळं सांगून टाकलं.

“मंजी मला बी माघारी धाडणार? बाई, पाय ठेवणार का काढणार, येवढंच सांगा. एका पायानं झाडावर चढता येत न्हाई.”

उत्तराने तिच्या मांडीवर श्रवणचकती चिकटवली. रुपयाएवढी ही चकती एका बाजूने हाडाचा कंप ऐकते आणि खिशात मावणाऱ्या पडद्यावर त्याची रेघ काढते. धडधाकट किंवा जुळून गेलेल्या हाडावर एरवी काहीच उमटत नाही. चौदा महिने मेल्यासारखं पडलेलं ते हाड थरथरत होतं. एका लयीत, न थकता.

“हिला नादखिळा मिळालाय,” उत्तरा पुटपुटली.

निसारने हातातली यादी पाहिली. “नाही. चाळीस नंबर, मुका खिळा.”

उत्तराने यादी ओढून स्वतः वाचली.

“मग हिच्या हाडाला हे शिकवलं कुणी?” उत्तरा म्हणाली.

“सगळ्यांमध्ये सारखं काय आहे?”

“सगळंच. तुलनेत खोट नको म्हणून मीच हट्ट धरला होता. एकच दालन, तेच ऊन, त्याच परिचारिका. खाटासुद्धा…” ती बोलता बोलता थांबली आणि वाकून पाहू लागली. हलू नयेत म्हणून चाळीसही लोखंडी खाटा भिंतीकडेच्या एका लांब रुळाला बोल्टने आवळल्या होत्या. तिच्याच हुकुमावरून! नादखिळ्यांचा कंप रुळावरून मुक्या खिळ्यांच्या हाडांत पोचत होता. तिने डोक्यालाच हात लावला. जगातला सगळ्यात काटेकोर प्रयोग तिने मांडला आणि त्या काटेकोरपणानेच तो बुडवला.

“तसं असेल तर नादखिळे बंद करून बघा,” निसार म्हणाला. “हिची रेघ खाली यायला हवी.”

उत्तराने बाराच्या ठोक्याला सगळे नादखिळे बंद केले. एक वाजला, दोन वाजले. सगुणाची रेघ जशीच्या तशी होती.

“चुकलं आपलं,” उत्तरा म्हणाली. 

निसार मात्र पडद्यावरून नजर हलवेना. “खिळे बंद आहेत, मग वाजतंय कोण?”

उत्तराने चकती उचलली आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या नडगीला लावली. रेघ उमटली. त्याच्यापलीकडच्या बाईला लावली, तिथेही उमटली. प्रयोग संपेपर्यंत ठेवून घेतलेल्या या दोघांची हाडं कधीच जुळली होती, दोघांचे खिळे मुके होते, तरी त्यांच्या पायांतून तोच कंप निघत होता. एकदा शिकलेलं हाड विसरत नव्हतं, आणि आता तेच दुसऱ्याला शिकवत होतं. 

“मॅडम,” निसार हळूच म्हणाला, “स्वतःला लावा.”

“माझं कुठे काय मोडलंय?”

“मोडायला कशाला हवं? हाड कधी स्वस्थ बसत नाही, रोज झिजतं आणि रोज भरतं, हे तुम्हीच मला शिकवलंत.”

तिने चकती मनगटाला लावली. रेघ उमटली.

तिने चकती काढून पुन्हा लावली. चार महिने तिने या लोकांचे पाय हातात धरले होते. आपल्याच हाडात इतके दिवस हे चाललेलं, आणि आपल्याला पत्ता नाही! तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

दालन मात्र रिकामं करावंच लागलं. सगुणाला जिल्हा रुग्णालयात न्यायला रुग्णवाहिका आली, तेव्हा उत्तरा आत चढली आणि तिची मांडी दोन्ही हातांनी धरून बसली. इथून दूर गेल्यावर हे हाड पुन्हा गप्प झालं तर, या भीतीने तिने वाटभर हात काढला नाही.

“बाई, हात अवघडला आसंल,” सगुणा म्हणाली.

“अवघडू दे.”

तिथे पोचल्यावर स्ट्रेचर ओढायला रुग्णालयातले एक शिपाईमामा धावत आले. सगुणाला उचलताना त्यांचा दंड उत्तराच्या हातातल्या चकतीला टेकला आणि पडद्यावर रेघ उमटली.

उत्तराने त्यांची बाही धरली. “मामा, तुम्ही कधी आमच्या केंद्रात आला होतात?”

“न्हाई बा. माझा मेव्हणा येतो तिथं दूध घालायला. का वो?”

तिने वाटेतल्या परिचारिकेचा हात मागितला. रेघ. बाकावर बसलेल्या एका अनोळखी आजोबांचा गुडघा. रेघ. लोक तिच्याकडे वेड्यासारखे बघत होते आणि तिला त्याची पर्वा नव्हती. रोग पसरताना तिने पाहिले होते. बरं होणं पसरताना ती पहिल्यांदा पाहत होती.

शल्यचिकित्सक डॉ. नलवडे सगुणाची क्ष-किरण प्रतिमा हातात घेऊन बाहेर आले. “हाड धरलंय हिचं. पाय कापायचा प्रश्नच नाही. गंमत बघा, महिन्याभरापासून इथं सगळ्यांचीच हाडं लवकर जुळायला लागलीयत. आम्हाला वाटलं, प्लास्टरची नवी पावडर चांगली निघाली.”

उत्तराने भिंतीला टेकून निसारला फोन लावला. “निसारभाई, पुन्हा प्रयोग मांडू. दोन वेगळ्या इमारती, दोन वेगळी गावं.”

 तो पलीकडून म्हणाला, “इमारती मिळतील, मॅडम. पण मुका गट कुठून आणणार? ज्यांच्या हाडांपर्यंत हे पोचलेलं नाही, अशी वीस माणसं आता शोधायची कुठे? आज मिळाली, तरी त्यांना तपासायला आपणच जाणार ना?”

 बावीस वर्षांचा तिचा दावा आता जगात कोणालाही, कधीही सिद्ध करता येणार नव्हता.

“बाई,” स्ट्रेचरवरून सगुणाने हाक मारली, “मंजी पाय ऱ्हातोय न्हवं?”

“राहतोय,” उत्तरा म्हणाली, आणि भर गर्दीत ढसाढसा रडली.