पत्र कुणाच्या नावाने

चिलीतल्या वाल्पाराइसो शहराच्या टेकडीवर रुळांवरून चढणारी केबिन त्या दुपारी मध्येच अडकली, आणि आत आम्ही दोघंच. मी बेकरीतल्या कामावरून घरी निघालेली. तो बंदरात होड्या रंगवणारा, नखांत निळा रंग.

"घाबरलात?" त्याने विचारलं.

"नाही... भूक लागलीय." मी पिशवीतला पाव मोडून अर्धा त्याला दिला.

वीस मिनिटांनी केबिन हलली, तेव्हा दोघांनाही जरा वाईटच वाटलं.

मग तो, एलिसेओ, रोज बेकरीत यायला लागला. एकट्या माणसाला लागतात त्याहून कितीतरी जास्त पाव न्यायचा.

मी मिर्लांद, हैतीची. चिलीत तीन वर्षं झाली, पण राहायचे विल्नेरदादाकडे. मी कुणाशी हसले ते चर्चमधल्या बायका दादाला लगेच कळवायच्या. बेकरीतल्या मुली म्हणायच्या, वेगळी खोली घे, विचारायचं कशाला? मला त्यांचा हेवा वाटायचा. पण रविवारचं दादाच्या हातचं भोपळ्याचं सूप सोडवतही नव्हतं.

कुणीतरी एलिसेओला आमची रीत सांगितली: मुलीला मागणी घालायची तर घरी पत्र न्यायचं. हा शहाणा इस्त्रीचा शर्ट घालून थेट दादाकडे गेला. मी कामावरून आले तर दोघं कॉफी पीत बसलेले, गप्पा लग्नाच्या महिन्यापर्यंत पोचलेल्या. आनंद व्हायला हवा होता मला...

"पत्र कुणाच्या नावाने आहे?" मी विचारलं.

"दादांच्या. तशीच रीत आहे ना?"

"आहे. पण लग्न दादाशी करणार आहेस का?"

दादाचा चेहरा पडला. आठवडाभर मी दोघांशीही धड बोलले नाही.

शनिवारी एलिसेओ आला. पाव नको म्हणाला, कागद पुढे केला. माझ्या नावाने, आमच्या क्रेओल भाषेत, मोडक्यातोडक्या. पहिल्याच ओळीत तीन चुका. मागे गिऱ्हाइकांची रांग.

"नाही म्हणायचं असेल तर म्हण," तो हळूच म्हणाला. "पण तूच म्हण."

मी पेन्सिल घेऊन चुका दुरुस्त केल्या आणि खाली लिहिलं — हो. पण आधी वर्षभर मी वेगळी खोली घेऊन राहणार. रविवारी जेवायला दादाकडे, दोघांनी.

त्याने सावकाश वाचलं. "वर्षभर?"

"वर्षभर."

"बरं," म्हणाला, आणि माझा पिठाने माखलेला हात त्याने सगळ्यांदेखत हातात घेतला. मीही सोडवला नाही.

दादाला मी त्याच दुपारी फोन करून सगळं सांगितलं.

"खोली घेताना," तो म्हणाला, "दाराची कडी नीट बघून घे."