तीनशे बाराचं गौडबंगाल

“तीनशे बारा!” टिकलीने साखर मोजायच्या यंत्रावरचा आकडा वाचला आणि टोचलेलं बोट चोखलं.

“पुन्हा?” मामी हात पुसत आली. “खरं सांग हं. गुपचूप काही गोड खाल्लंस ना?”

“नाही गं मामी, शप्पथ!”

“मग साखर काय हवेतून येते?” मामाने वर बघितलं. फ्रिज दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. घरभर त्याच्या तारा नि नळ्या पसरलेल्या. “हे बघ, संध्याकाळपर्यंत आकडा उतरला नाही, तर उद्या सकाळी तुला घरी पोचवतो. नसती जोखीम नको.”

उद्या! मामाकडची सुट्टी अर्धवट टाकून? आणि परवा तर तळ्यावर होडी वल्हवायची होती! पण टिकलीला झोंबलं ते वेगळंच. मधुमेह झाल्यापासून चार वर्षं ती रोज चार वेळा स्वतःला सुई टोचून घेत होती, घास न् घास मोजत होती, आणि तरी सगळ्यांच्या लेखी ती चोरच!

जिन्यावर बसून तिने तांब्याभर पाणी घटाघटा संपवलं. पाय जड झाले होते, घसा कोरडा पडला होता आणि कुणी नुसतं हसलं तरी तिला राग येत होता.

“रडतेस काय? तपास करू!” तेरा वर्षांचा मामेभाऊ म्हणाला. सारखा हुकूम सोडायचा म्हणून त्याचं नाव पडलं होतं फौजदार. “वही आण!”

“पण आधी सांग, खाल्लंस का?” फौजदाराच्या धाकट्या भावाने, गोट्याने डोळे बारीक केले.

“गोट्या!” दोघंही ओरडली.

टिकलीच्या वहीत रोजचे आकडे होते. शनिवारपर्यंत एकशे वीस, एकशे चाळीस. रविवार दुपारपासून मात्र दोनशे साठ, दोनशे नव्वद...

“रविवारी काय बदललं?” फौजदाराने विचारलं.

“काहीच नाही. तेवढंच जेवण, तेवढंच इन्सुलिन... थांब! टोचायचं जुनं पेन संपलं. नवीन मी फ्रिजमधून काढलं!”

“जुनं कुठे असायचं?”

“माझ्या पिशवीत. वापरातलं बाहेर चालतं. इथे आल्या दिवशी नव्या पेनांचा खोका मी फ्रिजच्या दारात ठेवला होता. पण रविवारी खोका मागे सापडला.”

तिघं फ्रिजकडे धावली. खोका अगदी मागच्या भिंतीला चिकटून होता आणि शेजारची काकडी दगडासारखी कडक!

“बाबांना सांगू या!” गोट्या उडालाच.

“अजून नाही,” टिकली म्हणाली. “पुरावा हवा. नाहीतर म्हणतील, पोरगी सबबी सांगते.”

फौजदाराने मामाच्या हत्यारांच्या पिशवीतून थर्मामीटर पळवला. पंधरा मिनिटं दारात, पंधरा मिनिटं मागे! तेवढ्यात मामा पाणी प्यायला आला.

“फ्रिज उघडायचा नाही!” गोट्या हात पसरून आडवा उभा राहिला.

“माझ्याच घरात? माझाच फ्रिज?”

“तपास चालू आहे!”

“दारात पाच,” टिकलीने थर्मामीटर मामासमोर धरला. “आणि मागे उणे तीन! मामा, इन्सुलिन गोठलं की वाया जातं.”

मामाचा चेहरा पडला. “अगं, औषध जितकं थंड तितकं टिकेल, असं वाटलं मला! मीच खोका मागे सरकवला आणि थंडावाही पार शेवटपर्यंत वाढवला.”

मामीने लगेच डॉक्टरांना फोन लावला. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला चांगलं दिसलं तरी त्याचा भरवसा नाही, ती सगळी पेनं टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. नवीन पेनातून किती घ्यायचं आणि कोणती तपासणी करायची, तेही सांगितलं. मामा उलटसुलट चपला घालून औषधाच्या दुकानात पळाला.

संध्याकाळी तिघंही यंत्रावर वाकली होती.

“एकशे चौऱ्याहत्तर!”

“हुर्रे!” गोट्या खुर्चीवर चढून ओरडला.

“शाबास रे पोरांनो!” मामाने स्वतःचेच कान पकडले. “लोकांचे फ्रिज तपासत फिरतो, आणि स्वतःच्या घरात ही तऱ्हा! परवा होडी मीच भाड्याने घेतो.”

मामी टिकलीशेजारी येऊन बसली. “मी तुला उगाच चोर ठरवलं गं,” ती हळूच म्हणाली.

टिकलीने यंत्र बाजूला ठेवलं. “मामी, आकडा पुन्हा कधीतरी वाढेलच. तेव्हा ‘काय खाल्लंस’ असं नको विचारूस. ‘काय झालं’ असं विचार.”

“कबूल,” मामी म्हणाली. तिने टिकलीला घट्ट जवळ घेतलं.