उजव्या हाताचं माप

पुरणयंत्राचा दांडा मोडल्यामुळे कुणी प्रेमात पडल्याचं ऐकिवात नाही. नेत्रा मात्र पडली, आणि तेही थेट अ‍ॅरिझोनात.

नागपूरहून आईची नजर चुकवून आणलेलं ते यंत्र ऐन होळीच्या तोंडावर रुसलं. दुसरी कुणी असती तर तिने नवं मागवलं असतं. पण नेत्रा रोज ऑफिसात चिप बनवणाऱ्या मोठमोठ्या मशीनचे सुटे भाग डिझाइन करायची. एवढासा दांडा विकत घ्यायचा म्हणजे तिला फारच कमीपणा वाटला. म्हणून शनिवारी दुपारी ती चँडलरच्या कम्युनिटी वर्कशॉपमध्ये थ्रीडी प्रिंटरसमोर बसली होती. बाहेर रस्त्याच्या कडेने संत्र्याची झाडं फुलली होती, दार उघडलं की त्यांचा वास आत यायचा, आणि नागपूरच्या मुलीचं मन उगीचच हळवं व्हायचं.

दार उघडलं. वासाबरोबर एक उंच मुलगा आत आला. त्याच्या काखेत काहीतरी लांबट, चादरीत गुंडाळलेलं.

"ती सोलापुरी चादर आहे," नेत्रा न राहवून मराठीतच बोलून गेली.

तो थबकला. तिच्यासमोरच्या टेबलाकडे पाहून हसला. "आणि ते पुरणयंत्र. माझ्या मॉमकडे सेम आहे. हँडलसकट तुटलेलं."

हसला की त्याच्या डाव्या गालावर खळी पडायची. नेत्राने ती पाहिली आणि लगेच प्रिंटरकडे बघायला लागली. प्रिंटर आपला निवांत नारिंगी प्लास्टिक ओतत होता, त्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

त्याने चादर सोडली. आत जुनं, काळपट लाकूड होतं. बंदुकीचा दस्ता, मधोमध तडकलेला.

"घाबरू नकोस. फक्त लाकूड आहे, रायफल घरी लॉकरमध्ये." मग हात पुढे करत म्हणाला, "मी शिव. फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे खांदे सोडवतो, पण याचा खांदा मला जमत नाहीये."

तो इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला. रायफल त्याच्या वडिलांची, म्हणजे संजीवकाकांची. त्यांनी ती वीस-बावीस वर्षांपूर्वी फिनिक्सच्या एका प्रदर्शनात पाहिली होती. भारतात, ईशापूरच्या कारखान्यात बनलेली, लष्करातून निवृत्त होऊन सातासमुद्रापार आलेली, अंगावर अशोकस्तंभाचा शिक्का. काका म्हणे तिथेच भावुक झाले आणि शिवच्या आईला, सरलाकाकूंना, न विचारता घेऊन आले. आता नेम धरायचा शिव. एप्रिलमध्ये क्लबची जुन्या फौजी रायफलींची मॅच होती आणि दस्ता ऐन वेळी तडकला होता.

"नवा मिळत नाही?" नेत्राने विचारलं.

"मिळतो. पण तो कुठल्यातरी बुटक्या सोल्जरच्या मापाचा. मला मान दुमडून घ्यावी लागते. त्यात वर दुर्बीण बसवलीय, म्हणून गाल हवेत राहतो."

झालं, नेत्राच्या डोक्यातलं चक्र फिरायला लागलं. तिने कागद ओढला. "एकसंध कशाला करायचा? तीन भाग करू. मूठ वेगळी, गालाची पट्टी वरखाली होणारी, आणि खांद्याकडे चकत्या... लांबी हवी तशी कमीजास्त. मूठ आणि पट्टी अक्रोडाची, आतला सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा."

"तू नेहमी अनोळखी लोकांना इतक्या फास्ट डिझाइन करून देतेस?"

"सोलापुरी चादर घेऊन येणाऱ्यांनाच," ती म्हणाली, आणि मग कान गरम झाल्याचं तिचं तिलाच जाणवलं. घाईघाईने तिने अट घातली. "पण मी व्हिसावर आहे, उगीच इथल्या कायद्याची भानगड नको. बंदुकीला हात लावणार नाही, प्रॅक्टिस बघायलाही येणार नाही. लाकूड आणि धातू, एवढंच माझं."

"डील," शिव म्हणाला.

पुढच्या रविवारी सरलाकाकूंनी जेवायला बोलावलं. वरणभात, तूप, मटकीची उसळ. शिव हाताने जेवत होता, अगदी व्यवस्थित, एक शीत न सांडता. अमेरिकेत वाढलेला मुलगा असा जेवताना पाहून नेत्राला काकूंचं कौतुक वाटलं. काकूंनीही ते मान डोलावून स्वीकारलं.

जेवण झाल्यावर माप. कोपराच्या आतल्या घडीपासून चाप ओढायच्या बोटापर्यंतचं अंतर, त्यावर दस्त्याची लांबी ठरते.

"हात दे," नेत्रा म्हणाली.

शिवने हात पुढे केला. एक क्षण मागे घेतल्यासारखा केला... आणि मग तसाच राहू दिला. तिने टेप लावली. मनगटाशी तिचा अंगठा टेकला होता, आणि त्याखाली त्याची नाडी चांगलीच पळत होती. मग मुठीसाठी तळव्याचा ठसा हवा म्हणून तिने मऊ मातीचा गोळा त्याच्या हातात दिला आणि वरून स्वतःच्या दोन्ही हातांनी दाबून धरला.

"किती वेळ धरायचं?" त्याने हळूच विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

"नो प्रॉब्लेम."

ठसा केव्हाच उमटला होता, पण तिने सांगितलं नाही. स्वयंपाकघरातून काकूंच्या भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला, तेव्हा कुठे दोघांनी हात सोडले.

मग दर रविवारी वर्कशॉप. आधी नेत्राने मुठीचा एक साधा, दोन्ही बाजूंनी सारखा नमुना छापला, तोही उरलेल्या नारिंगी प्लास्टिकचा. मग मापाबरहुकूम खरं डिझाइन सुरू झालं. ती स्क्रीनवर दस्ता गोल फिरवून दाखवायची.

"हा फुगवटा बघ, तळव्यात बसेल. ठीक आहे?"

"परफेक्ट."

"आणि पट्टीचा हा उतार?"

"परफेक्ट."

"शिव, तू बघतोयस ना?"

"बघतोय की," तो म्हणायचा. बघत तर तो होताच. नेत्राला फक्त कुठे ते कळत नव्हतं, कारण ती स्वतः स्क्रीनकडे बघत असायची. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

एका रविवारी अचानक सर आली. वाळवंटातला पाऊस, पाच मिनिटांचा पाहुणा. दोघं वर्कशॉपच्या छपराखाली उभे राहिले. ओल्या झुडपांचा तो उग्र, तिखट वास नेत्राला पहिल्यांदा आवडला. तिच्या केसांत लाकडाचा भुसा अडकला होता. शिवने तो दोन बोटांनी अलगद काढला, आणि काढून झाल्यावरही बोटं तिथेच रेंगाळली.

"अजून आहे?" तिने विचारलं.

"नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

आता सांगेल, असं तिला वाटलं. पाऊस थांबला, आणि तो आत जाऊन सँडपेपर शोधायला लागला.

आणि त्याच आठवड्यात व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नहून नोकरीची ऑफर आली. मोठा हुद्दा, मोठी टीम, उत्तर सोमवारपर्यंत. मॅच त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी. नेत्राने शिवला फोनवर सांगितलं आणि श्वास रोखून धरला.

पलीकडे कुठलंसं दार लावल्याचा आवाज आला. मग, "वॉव. दॅट्स... ग्रेट अपॉर्च्युनिटी, नेत्रा."

तिला इतकं वाईट वाटलं, की फोन ठेवल्यावर तिने उगीचच सगळी भांडी घासली. दस्ता पूर्ण झाला होता. आता भेटायला निमित्तही उरलं नव्हतं. तिने मनाशी ठरवलं, मॅचनंतरही तो नुसतं थँक यू म्हणाला, तर सोमवारी होकार कळवायचा आणि व्हर्जिनियाला निघून जायचं. गळ्यात पडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मॅचला मात्र ती गेली. सरलाकाकूंनी डब्यात पुरणपोळ्या भरून हुकूम सोडला होता, "तू यायचंच आहेस." प्रेक्षकांच्या बाकावर बसायला कुठलाच व्हिसा आड येत नव्हता.

शिव टेबलाशी बसला. अक्रोडाचा तो तुकतुकीत दस्ता उन्हात असा दिसत होता, की आजूबाजूचे म्हातारे वळून वळून बघत होते. त्याने तो उजव्या खांद्याला लावला, गाल टेकवला. नेत्राचा ऊर भरून आला.

पहिली गोळी गेली. मग दुसरी. काका दुर्बिणीतून लक्ष्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू लांब होत गेला.

"कागदावरसुद्धा लागली नाही," ते पुटपुटले. "याला झालंय काय? आणि हा उजव्या खांद्याने का मारतोय?"

"मग कुठल्या खांद्याने मारायचं, काका?" नेत्राने विचारलं.

"अगं, डाव्या! तो डावरा आहे ना. लहानपणापासून."

नेत्राच्या हातातला डबा तसाच राहिला. ते व्यवस्थित जेवण तिला आठवलं, पुढे केलेला हात आठवला. तिने काकूंकडे पाहिलं.

"जेवायला, द्यायला-घ्यायला मी उजव्याचीच सवय लावली त्याला," काकू ओशाळून म्हणाल्या. "चारचौघांत डावा हात पुढे केलेला बरा दिसत नाही, म्हणून. बाकी सगळं तो डाव्यानेच करतो."

महिनाभर खपून तिने जगातला सर्वांत सुंदर दस्ता केला होता, आणि तो चुकीच्या हाताचा होता. फुगवटा उजव्या तळव्यासाठी, पट्टीचा उतार उजव्या गालासाठी. हातच्या कांकणाला आरसा कशाला, दहापैकी एकही गोळी धड लागली नव्हती.

मध्यंतर झालं. शिव रायफल मोकळी करून मागच्या शेडमधल्या टेबलावर ठेवत होता, तिथे ती तावातावाने पोचली.

"तू डावरा आहेस."

त्याने रायफलवरचा हात काढून घेतला.

"एक महिना, शिव. दर रविवारी मी तुला डिझाइन दाखवलं. तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"माप घेताना सांगणारच होतो," तो म्हणाला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पण तू हात धरला होतास. त्या वेळी हा चुकीचा हात आहे, असं कोण सांगेल?"

नेत्राचा राग जागच्या जागी अडखळला.

"मग वाटलं, नेक्स्ट संडे सांगू. पण तू इतकी खूष होतीस... आणि मी स्क्रीन बघतच नव्हतो, ऑनेस्टली. मग म्हटलं, आपणच उजव्याने शिकू. क्लबच्या रायफलवर तीन आठवडे रोज प्रॅक्टिस केली. काही जमलं नाही, यार."

"माझ्या दस्त्यासाठी तू हरायला निघाला होतास?"

"दस्त्यासाठी नाही." त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुझ्यासाठी. मला तू आवडतेस, नेत्रा. फार आवडतेस. अ‍ॅशबर्नला जाऊ नकोस, असं म्हणायचा मला राइट नाही, म्हणून ग्रेट अपॉर्च्युनिटी म्हणालो."

शेडवरच्या पत्र्यावर कबुतर चालत होतं. नेत्राला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. शेवटी तिच्यातली इंजिनिअर मदतीला धावली.

"अ‍ॅलन की आहे?"

"आहे... पण का?"

"मी हात लावणार नाही. मी सांगते तसं तू कर. पट्टीखालचे दोन स्क्रू सोड. हं. आता ती उलटी करून बसव. सुटे भाग करण्याचा हाच तर फायदा असतो, वेड्या." ती वाकून बघत होती, त्याच्या खांद्याला तिचा खांदा लागत होता. "मुठीचं मात्र कठीण आहे. हा फुगवटा तुला टोचणार. एखादी साधी मूठ असती तर..."

शिवने बॅगेच्या आतल्या कप्प्यात हात घातला आणि ती नारिंगी प्लास्टिकची पहिली मूठ बाहेर काढली.

"ही टाकून द्यायला सांगितली होती मी."

"तू केलेली पहिली वस्तू होती," तो म्हणाला. "कशी टाकणार?"

नेत्राने हळूच त्याच्या बाहीवरची धूळ झटकली. बाहीवर धूळ नव्हतीच.

दुसऱ्या फेरीत अक्रोडाच्या त्या देखण्या दस्त्याला होळीच्या पुरणयंत्राच्या दांड्याच्या रंगाची मूठ लागलेली पाहून म्हातारे पुन्हा वळून वळून बघायला लागले, या वेळी हसत. शिवने रायफल डाव्या खांद्याला लावली. काकांनी दुर्बीण डोळ्याला लावली ती दहाव्या गोळीपर्यंत खाली घेतलीच नाही. दहाच्या दहा गोळ्या काळ्या वर्तुळात. पहिल्या फेरीतल्या भोपळ्यामुळे बक्षीस वगैरे काही मिळालं नाही, पण काका कप जिंकल्यासारखे सगळ्यांना पुरणपोळ्या वाटत सुटले.

"अ‍ॅशबर्नचं काय ठरलं गं?" काकूंनी पोळीवर तूप सोडत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

शिव घास हातात धरून थांबला.

"नाही म्हणून कळवतेय," नेत्रा म्हणाली. "इथलं काम अर्धवट आहे. डाव्या हाताची मूठ करायचीय, अक्रोडाची. आणि मला इथेच राहायचंय, काकू. शिवजवळ."

काका दुर्बिणीची काच मन लावून पुसायला लागले. शिवच्या गालावरची खळी आता लपता लपेना.

"किती वेळ लागेल मुठीला?" त्याने विचारलं.

"पुष्कळ. माप पहिल्यापासून घ्यावं लागणार." तिने आपला तळवा पुढे केला. "हात दे."

सवयीने त्याचा उजवा हात पुढे आला.

"तो नाही."

शिवने आईकडे पाहिलं. चारचौघांत, पुरणाचं पान समोर असताना. सरलाकाकूंनी तुपाची वाटी खाली ठेवली आणि पदराने डोळे टिपले.

"बघतोस काय असा? दे की रे डावा," त्या म्हणाल्या.

आणि त्याने दिला.