सकाळचे सत्तर किलो

दसरा तोंडावर आला की चाकणच्या कारखान्यांत साफसफाईचा धडाका उडतो. मशिनी घासल्या जातात, भिंतींना रंग लागतो, आणि वर्षभर कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या कोपऱ्यांतून तुटके पंखे निघतात, कुणाची तरी एकच चप्पल निघते. वर्षालीच्या वाट्याला यंदा जी सफाई आली, तिला झाडू लागत नव्हता. कंपनीच्या कॉम्प्युटरचा बॅकअप भरत आला होता आणि नवीन काही साठवायला जागा उरली नव्हती.

"वजनकाट्याचे जुने फोटो काढून टाक," तिचे साहेब ज्ञानेश म्हणाले. "ऑडिटवाल्यांना आता ते नकोत. पण नीट हं. आधी बॅकअपमधून परत आणून उघडून बघायचं, कशाची प्रत हवी असली तर दुसरीकडे ठेवायची, मगच पुसायचं. एकदा पुसलं की देवही आणून देत नाही."

वर्षालीला असली कामं मनापासून आवडत. रहाटणीच्या घरात तिने डाळींच्या डब्यांनाही चिठ्ठ्या लावल्या होत्या. "मलाही लाव एखादी," असं आई, सुभद्राबाई, चेष्टेनं म्हणायची.

काटा गेटजवळ जमिनीत बसवलेला होता. ट्रक चढला की वजन पडद्यावर उमटायचं आणि खांबावरचा कॅमेरा फोटो काढायचा. वर्षालीचे वडील, सयाजी, आयुष्यभर तोच काटा चालवत. ड्यूटीवरून घरी येताना आकुर्डीजवळ बसमध्येच गेले ते. त्यानंतर वर्षाली या कंपनीत लागली.

तिने फोटोंचा पहिला गठ्ठा परत आणला, उघडला, आणि खुर्चीत मागे टेकली. रोजच्या पहिल्या फोटोत ट्रक नव्हता. बाबा होते. पहिली गाडी घेण्याआधी स्वतः काट्यावर उभं राहून तो बरोबर आहे का हे बघायची त्यांची रीत होती. हातात जेवणाचा डबा, मान थोडी तिरकी, कोपऱ्यात वजन सत्तर. हा काटा दहा-दहा किलोंनीच मोजायचा, त्यामुळे दिवाळीचा फराळ हाणला तरी सत्तर आणि टायफॉइडातून उठले तरी सत्तर. वर्षाली हसली, मग रडली, मग चहा घेऊन आली आणि सगळे फोटो पुन्हा बघत बसली. फार बरं वाटलं तिला.

पण काम ते काम. संध्याकाळी तिने तो गठ्ठा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरू आला. हल्ली काटा तो सांभाळायचा. चाकणच्याच जुन्या घरातला गडी.

"ताई, तुमच्या कॉम्प्युटरनं काय केलंय का? काटा मोकळा हाय, तरी सत्तर दावतुया."

"दुरुस्त करणाऱ्याला बोलाव की."

"येऊन गेला. त्याला काय घावलं न्हाई. पैली गाडी आली की आपसूक शून्य व्हतंय. कुनीतरी बाजूला सरून वाट दिल्यावानी."

तिने सकाळचा फोटो उघडला. धुतलेलं ओलं लोखंड, कडेला एक चिमणी, कोपऱ्यात सत्तर.

तिने दुसरा गठ्ठा पुसला. पुन्हा सकाळी सत्तर. तिसऱ्यानंतरही तेच. भैरूने काट्याखालची माती उपसली, नारळ फोडला. सत्तर काही हटेना.

मग एका सकाळी वर्षाली लवकर आली आणि काट्यावर जाऊन उभी राहिली. मायलेकी दोघी अंगाने सारख्याच, पन्नासच्या आतबाहेर. केबिनच्या काचेतून आकडा दिसत होता. एकशेवीस.

लसणाच्या चटणीचा वास आला. बाबांच्या डब्याचा. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. पहिल्या ट्रकने हॉर्न मारेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि दिवसभर स्वतःशीच गुणगुणत होती.

शेवटचा गठ्ठा उरला तेव्हा मात्र तिचा हात थांबला. सगळंच पुसलं तर बाबाही जातील का? आता कुठे परत मिळाले होते. तिने त्यांच्या शेवटच्या सकाळचा फोटो बाजूला काढला.

"सर, हा एक राहू दे?"

"घरी घेऊन जा," ज्ञानेश हळूच म्हणाले. "इथे नको. जागा तेवढीच असते गं. एक ठेवलं की दुसरं काहीतरी काढावं लागतं."

तिने फोटो मोबाइलवर घेतला, रहाटणीच्या स्टुडिओतून मोठा करून आणला आणि घरी टांगला. दुसऱ्या दिवशी उरलेलं सगळं पुसलं.

पुढच्या सकाळी भैरू दात काढतच आला. "ताई, काटा सुधारला! शून्य!"

वर्षालीने त्या दिवशी डबा उघडला नाही.

संध्याकाळी घरी गेली तर आई दारातच उभी. डॉक्टरांनी आईला वजनावर लक्ष ठेवायला सांगितलेलं, म्हणून घरात एक काचेचा छोटा काटा होता, नेमका त्या फोटोखालीच.

"हा बिघडलाय गं. सकाळी एकशेवीस दाखवलं. मी काय हत्तीण आहे का?"

वर्षाली चढली. पन्नास. आई चढली. एकशेवीस.

वर्षालीने तिला घट्ट मिठी मारली. "बिघडला नाहीये, आई. असू दे."

आईने फोटोकडे पाहिलं आणि पुन्हा काट्यावर चढली. तेव्हापासून ती सकाळचा चहा काट्यावर उभी राहूनच घेऊ लागली. चेहरा उजळला. गुडघे दुखायचे थांबले. "अगदी हलकं वाटतंय बघ," म्हणायची. मध्ये आकडा शंभरावर आला, मग नव्वदवर. आईचं चालणं वाढलंय, वर्षालीला वाटलं. घर इतकं आनंदात तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

दसऱ्याला आईने फोटोला झेंडूचा हार घातला. नवं पातळ नेसून ती काट्यावर चढली, आणि थोडी एका कडेला सरकून उभी राहिली.

"किती गं?" तिने हसत विचारलं.

वर्षालीने वाकून पाहिलं.

सत्तर.

लसणाच्या चटणीचा वास आला.

"सांग की."

सत्तर तर बाबांचेच. मग आईचे? "आधी उतर, आई," ती म्हणाली.

आई उतरली. मोकळ्या काट्यावरचा आकडा हलला नाही.