भैरवकड्यावरचे दुसरे निशाण

उजाडले तेव्हा भैरवकड्याच्या पायथ्याची गावे अजून धुमसत होती आणि त्या धुरापलीकडे, नजर जाई तिथवर, पेंढाऱ्यांच्या राहुट्या पसरल्या होत्या. गडावरचे धान्य संपत आले होते. तरीही किल्लेदार सुभानजी ढमाले रत्नाळ्याच्या वाटेकडे डोळे लावून उभे होते. कारण भैरवकडा, रत्नाळा आणि माणिकदुर्ग या तिन्ही दौलतींनी बेलभंडार उचलून शपथ वाहिली होती की, एकावरचे संकट ते तिघांवरचे, आणि गडावर दोघांची निशाणे शेजारी शेजारी चढली की तिसऱ्याने कारण न विचारता घोड्यावर मांड ठोकायची. याचसाठी प्रत्येक दरबारी दुसऱ्याचा वकील आपले निशाण घेऊन राहत असे, आणि धन्याचा हुकूम येताच ते चढवीत असे.

भैरवकड्यावर रत्नाळ्याचे वकील होते अंताजीपंत. शपथेच्या वेळी आपले धनी हैबतराव यांच्या शेजारी उभे राहून त्यांनीही हात पुढे केला होता. त्यांच्यापुढे चोरवाटेने आलेला रत्नाळ्याचा जासूद मुजरा करून उभा राहिला.

"पंत, सरकारांचा हुकूम आहे. निशाण घेऊन गड उतरावा. पेंढारी आपणांस वाट देतील."

"पेंढारी आम्हांस वाट देतील? ती का म्हणून?"

जासुदाने मान खाली घातली. "सरकारांनी त्यांच्याशी वेगळा तह केला. ते रत्नाळ्यास हात लावणार नाहीत, आणि आपली फौज हलणार नाही."

पंत मटकन खाली बसले. शत्रूने दगा दिला तर माणूस तलवार उपसतो. धन्यानेच केसाने गळा कापला तर ती उपसायची कोणावर? मग ते उठले आणि थेट सुभानजींसमोर गेले.

"किल्लेदार, रत्नाळा येत नाही. आमच्या धन्यांनी शपथ मोडून पेंढाऱ्यांशी तह केला, आणि मला वाट मागून घेतली."

सुभानजींचा चेहरा काळवंडला. "मग आपण तरी कशाला थांबता? जावे. आपली वाट मोकळी आहे."

"शेजाऱ्याचे घर जळताना आपले दार लावून घेऊन कोणाचे छप्पर वाचले आहे? आज तुमची पाळी, उद्या आमची. धनी विसरले असतील, पण शपथ रत्नाळ्याची आहे. आमचे निशाण चढवू द्या."

आणि जन्मभर लेखणीच धरलेला तो ब्राह्मण गोळ्यांच्या माऱ्यात बुरुजावर चढला. खांद्यात गोळी शिरली, पण निशाणाची दोरी त्याने सोडली नाही. दोन निशाणे एकत्र फडकली. दिवस कलता कलता माणिकदुर्गाचे घोडदळ खिंडीतून उतरले. रत्नाळाही उलटला असे समजून पेंढाऱ्यांनी जी धूम ठोकली, ती राहुट्यासुद्धा टाकून.

विजयाच्या दरबारास हैबतराव वाजतगाजत आले. हुकूम मोडल्याबद्दल पंतांची वकिली त्यांनी आदल्याच दिवशी काढून घेतली होती.

"निशाण आमच्याच आज्ञेने चढले," भर दरबारात ते म्हणाले आणि त्यांनी मानाची वस्त्रे स्वीकारली. निर्लज्जम् सदासुखी, दुसरे काय!

सुभानजी संतापून उठू लागले. झोळीतला हात सावरत पंतांनी त्यांना थोपवले.

"बोलू नका. खरे बोललात तर तिघांची एकी मोडेल, आणि एकी मोडली की पेंढारी पुन्हा पायथ्याशी."

"आणि आपली अब्रू, पंत?"

पंतांचे डोळे भरून आले.

मग शपथ नव्याने वाहण्यासाठी तबक पुढे आले. हैबतरावांनी गंभीर मुद्रेने बेलभंडार उचलला. सारा दरबार जयजयकार करीत होता. अंताजीपंत मात्र भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या त्या हाताकडे पाहत होते.